गाडीला एरंडेल

यंदा होळीच्या आधीच आमचा तलाव आटला. परंड्याहून येणारी एसटी गावाच्या अलीकडं तलावाच्या भरावाला वळसा घालते. खिडकीतून खाली पाहिलं तर तळ उघडा पडलेला. गाळाला भेगा, आणि भेगांमधल्या प्रत्येक खपलीचे काठ उन्हानं वर वळलेले, तव्यावर विसरलेल्या पापडासारखे. शेजारी बसलेल्या बाईंनी ते पाहून लांब उसासा सोडला. आणि मला हसू फुटलं. मी पदर तोंडाला लावला, खोकल्याचं निमित्त केलं, पण बाईंना कळायचं ते कळलं. त्या माझ्यापासून जरा सरकून बसल्या. दुष्काळ बघून हसणाऱ्या बाईशेजारी कोण बसेल? त्यांना मी काय सांगणार होते? की बाई, याच तळावर एका उन्हाळ्यात आमच्या घरची गाडी शर्यतीत धावली होती, वीतभर उंचीची, मस्कतहून आलेली, आणि तिच्या शॉकअपमध्ये आमच्या सासूबाईंच्या फडताळातलं एरंडेल होतं?

ऐंशीच्या दशकातला उन्हाळा तो. मी या गावात नवी सून होते आणि गावच्याच शाळेत मास्तरीण. आमचे हे परंडा–कुर्डुवाडी गाडीवर कंडक्टर, म्हणजे दिवसभर सगळ्या तालुक्याशी बोलून घरी येणार आणि घरात तोंड उघडणार ते फक्त जेवायला. त्यांचं मी समजू शकत होते. मामंजींचं मात्र समजत नव्हतं. माझे सासरे गोविंदराव पुष्कळ वर्षं गावच्या विकास सोसायटीचे चेअरमन होते. बहात्तरच्या दुष्काळात तलावाचं काम निघालं तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या जिवलग मित्रानं, अण्णांनी, एकाच टोपल्याला दोन्हीकडून हात लावून माती वाहिली होती म्हणे. मी सांगतेय त्या वर्षीच्या सोसायटीच्या निवडणुकीत मात्र तेच अण्णा मामंजींच्या विरोधात उभे राहिले आणि निवडून आले. तेव्हापासून मामंजी ओसरीवरच्या बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडून असायचे. बोलायचे ते फक्त म्हशीशी. आम्हाला काही सांगायचं असलं तरी म्हशीला सांगायचे, "घरात कुणी पाणी आणून देणारं हाय का नाही, काय माहीत." म्हैस बिचारी आमच्याकडं बघायची आणि मी तांब्या घेऊन उठायचे.

एवढ्यावर भागलं असतं तर ते घरचं घरात राहिलं असतं. पण पाऊस सलग दुसऱ्या वर्षी रुसलेला. भरावाखाली सोसायटीनं जनावरांची छावणी उभी केली होती आणि छावणीत चारा नव्हता. अशा वर्षी मामंजी कुर्डुवाडीकडच्या साखर कारखान्यावर जाऊन उसाचं वाढं, तोडणीनंतर उरलेले हिरवे शेंडे, मिळवायचे, ट्रॉल्या भरभरून. तिथली माणसं त्यांच्या ओळखीची होती. आता चेअरमन अण्णा. अण्णा मामंजींना विचारत नव्हते आणि मामंजी आपण होऊन सांगत नव्हते. मधल्या मधे जनावरं जुनाट कडब्याची काडं चघळत उभी. शाळेतून येताना मी छावणीवरून यायचे, तेव्हा वाळल्या कडब्याचा तो कुबट वास नाकात बसायचा. जनावरांच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या.

अशात माझे धाकटे दीर विलासभावजी आणि अण्णांचा मुलगा मधुकर मस्कतहून सुटीवर आले. भावजी तिथं इलेक्ट्रिशियन, मधुकर फिटर, दोघं एकाच खोलीत राहणारे. घरी येऊन बघतात तर दोघांचे बाप एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. मस्कतला म्हणे त्यांचा एक साहेब दर शुक्रवारी रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांच्या शर्यती लावायचा आणि या दोघांना आपल्या गाड्या चालवायला द्यायचा. निघायच्या आदल्या दिवशी दोघांनी एकाच दुकानातून एकसारख्या दोन गाड्या घेतल्या होत्या. आता त्या खोक्यांत बंद होत्या. मग पोरांनी ठरवलं, तलावाच्या तळावर शर्यत लावायची. त्या निमित्तानं का होईना, म्हातारे एका जागी येतील.

आमची गाडी लाल होती. दाणेदार रबराची जाडजूड चाकं, आणि प्रत्येक चाकाशी एक इवलासा पिवळा शॉकअप, त्यावर स्प्रिंग. खऱ्या मोटारीला असतो तसाच, फक्त करंगळीएवढा. त्या शॉकअपमध्ये भरायचं खास तेल बाटलीतून आलं होतं, पण बाटली बॅगेत फुटली आणि मामंजींसाठी आणलेल्या सदऱ्यानं ते सगळं पिऊन टाकलं. बॅटरी चार्ज करायची ती ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. रानात काम नसल्यामुळं ट्रॅक्टर दारात उभाच होता.

पहिल्या दिवशी भावजींनी खळ्यावर गाडी सोडली. सरळ अशी पळाली की बघत राहावं. वळायची वेळ आली तेव्हा पुढची चाकं वळली, पण गाडी वळली नाही. तशीच सरळ जाऊन उकिरड्यात घुसली. भावजी म्हणाले, पुढची चाकं जमीन धरत नाहीत, पुढच्या स्प्रिंगा मऊ पाहिजेत. मऊ स्प्रिंग कुठं मिळणार? ती मिळाली माझ्या बॉलपेनमध्ये. त्यानं बरं वाटलं म्हणून दुसरं पेन, मग तिसरं. त्या आठवड्यात मी चाचणीचे पेपर बिनस्प्रिंगच्या पेनानं तपासले. प्रत्येक बरोबर उत्तराला खूण करायला जावं तर रिफिल आत पळायची. पोरांना वाटलं, बाई यंदा फार विचार करून मार्क देताहेत.

स्प्रिंगा मऊ झाल्या आणि गाडीचं उलटंच झालं. आता वळणावर तिचा मागचा भाग घसरायचा आणि ती आपल्याच शेपटीमागं लागलेल्या कुत्र्यासारखी गरगर फिरायची. खळ्यावरची धूळ आमच्या सगळ्यांच्या दातांत. असं दोन-तीन दिवस चाललं. एका दुपारी ओसरीवरून, भिंतीकडंच तोंड ठेवून, मामंजी म्हणाले, "उलाळ झालीया ती."

आम्ही सगळे वळलो. ते हे म्हशीला म्हणाले नव्हते.

बैलगाडीत मागं जास्त ओझं झालं की ती उलाळ होते, धुरा, म्हणजे पुढच्या दांड्या, वर उचलल्या जातात आणि बैलांच्या मानेवर भारच राहत नाही. मामंजींचं म्हणणं, या गाडीचंही तेच झालंय, बॅटरी पुढं सरकवा. भावजींनी सरकवली आणि गाडी सरळ वागायला लागली. मामंजी बाजेवर उठून बसले. मग मात्र त्यांना आवरणं कठीण झालं. थोडं ओझं पुढं नेल्यानं एवढा फरक, तर जास्त नेल्यानं केवढा पडेल, असा हिशोब करून त्यांनी तराजूचं एक वजन सुतळीनं गाडीच्या नाकाला बांधलं. पहिल्याच ढेकळावर गाडीनं नाक जमिनीत खुपसलं आणि मागची चाकं हवेत फिरवत राहिली. मामंजींनी ते वजन मुकाट्यानं सोडलं आणि गाडी परदेशी असल्यामुळं तिला आपली वजनं मानवत नाहीत, असं सांगितलं.

आता प्रश्न तेलाचा. आधी करडईचं तेल भरलं, तर गाडी खड्ड्यावरून बेडकासारखी उड्या मारत निघाली. शिलाई मशीनचं तेल पातळ, ते संध्याकाळपर्यंत गळून गेलं. दाट तेल हवं होतं, आणि घरात दाट तेल एकच होतं. आत्याबाईंच्या फडताळातलं एरंडेल. आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई, त्या ती बाटली कुलपात ठेवायच्या. गल्लीतल्या झाडून साऱ्या पोरांची पोटं त्यांच्या ताब्यात होती. त्यांनी चमच्यानं मोजून एरंडेल दिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अगदी काळजीनं विचारलं, "फरक पडला का तिला?"

फरक पडला होता. सकाळच्या गारव्यात एरंडेल घट्ट, गाडी फळीसारखी ताठ. दुपारी ऊन डोक्यावर आलं की तेच एरंडेल असं सैल व्हायचं की गाडी भेगांवरून, ढेकळांवरून अलगद, अंग न हलवता जायची. मामंजींनी जाहीर केलं की शर्यत भर दुपारीच होईल. आता ते रोज स्वतः शॉकअप दाबून बघायचे, डोळे मिटून, वैद्यानं नाडी बघावी तसे. आजही मी कुठल्या जीपमध्ये बसले आणि ती खड्ड्यात आदळली की माझ्या मनात आधी येतं, तेल पातळ आहे हिचं.

पण एक भानगड सुरू झाली. गाडी मधूनच आपोआप हलायची. एकदा भावजी जेवायला बसले होते, रिमोट कोनाड्यात ठेवलेला, गाडीचं बटण चालूच राहिलेलं. ती अंगणात उभी होती ती एकाएकी उठून आत्याबाईंच्या सांडग्यांवरून गेली. आत्याबाईंनी मीठमिरच्या ओवाळून तिची दृष्ट काढली. भावजींनी सगळे स्क्रू आवळले. उपयोग नाही. इकडं हे, तर गल्लीपलीकडं अण्णांच्या वाड्यात त्यांची निळी गाडी एकदा उगाच पिसाळली आणि अण्णांच्या धोतराच्या सोग्यात गुंतली. अण्णांच्या मंडळींनी पाणवठ्यावर सांगितलं की गोविंदरावाच्या घरातून काहीतरी केलंय. आत्याबाईंनी ते ऐकलं आणि आमच्या घरातून त्यांच्या घरात जाणारं विरजणही बंद झालं. निवडणुकीनंतरसुद्धा ते बंद झालं नव्हतं. भावजी आणि मधुकर हबकले. जोडायला निघालो आणि राहिलेला धागाही तुटला, असं भावजी मला म्हणाले. त्यांची सुटी संपत आली होती.

शर्यतीच्या दिवशी सगळं गाव भरावावर. डेअरीचे दुधाचे कॅन रिकामेच पडलेले असायचे. वळणाच्या खुणा म्हणून ते तळावर मांडले होते. उन्हात ते असे चकाकत होते की बघवेना. तलावाच्या मध्यभागी, सगळ्यात खोल जागी, हिरवट पाण्याचं एक डबकं तेवढं उरलं होतं. त्यात छावणीच्या दोन म्हशी मानेपर्यंत बसलेल्या. मामंजी एका टोकाला, अण्णा दुसऱ्या टोकाला, दोघंही आभाळाकडं बघत, जणू ढग शोधायलाच आले होते. शाळेचं स्टॉपवॉच माझ्याकडं होतं म्हणून मी मधे.

गाड्या शेजारी शेजारी लावल्या. मी हात खाली केला. भावजींनी डावीकडं वळवलं, दोन्ही गाड्या डावीकडं गेल्या. मधुकरनं उजवीकडं वळवलं, दोन्ही गाड्या उजवीकडं गेल्या. भावजींनी थांबवलं तर मधुकरची थांबली, मधुकरनं मागं घेतलं तर आमची मागं आली. दोन्ही गाड्या शाळेच्या कवायतीतल्या पोरांसारख्या एका तालात नाचत होत्या. भरावावर हशा उसळला. भावजींनी दोन्ही रिमोट उघडले. त्यांच्या पोटात नखाएवढी पत्र्याची डबी असते, क्रिस्टल म्हणतात तिला. गाडी कुठला हुकूम ऐकणार, ते तिच्यावरून ठरतं. दोन्हींवर एकच आकडा. एका दुकानातून घेतलेल्या जुळ्या गाड्या. आपल्या अंगणातून आपण इतके दिवस एकमेकांच्या गाड्या चालवत होतो, कुणी काही केलेलं नाही, असं भावजींनी ओरडून सगळ्यांना सांगितलं. आत्याबाईंनी अण्णांच्या मंडळींकडं पाहिलं. त्यांनी पदर सारखा केला आणि मान खाली घातली.

आता एकाच वेळी दोन्ही गाड्या सोडता येणार नव्हत्या. एकेकीनं धावायचं, मी वेळ लावायची, आणि तेवढा वेळ दुसरा रिमोट बंद राहिला पाहिजे. बंद राहील याची हमी कोण देणार? मधुकर म्हणाला, आमचा रिमोट गोविंदकाका सांभाळतील, तुमचा आमचे अण्णा सांभाळतील. पोरांनी हे तिथल्या तिथं सुचवलं की आधीच ठरवलं होतं, हे मला अजून माहीत नाही.

दोघांना दोन टोकांवरून आणून माझ्याजवळ बसवलं आणि आधी निळी गाडी धावली. तेवढा वेळ आमचा रिमोट अण्णांच्या मांडीवर होता आणि मामंजी अण्णांच्या बोटांवरून नजर काढत नव्हते. निळी छान धावली, एकदाच कॅनला घासली. मग आमची सुटली. आता मधुकरचा रिमोट मामंजींच्या हातात आणि अण्णांची नजर त्यांच्यावर. मला एरंडेलाचा अभिमान वाटला. भेगा, खपल्या, ढेकळं, कशाचाही तिला पत्ता नव्हता. वळणाला अशी बसायची की धुळीची एक रेघ तेवढी मागं उरायची. निळीपेक्षा ती पुढं होती, घड्याळ माझ्या हातात होतं. शेवटच्या कॅनला वळायचं राहिलं, आणि भावजींच्या रिमोटचे सेल बसले. गाडीनं शेवटचा हुकूम धरून ठेवला आणि तशीच सुसाट निघाली, डबक्याच्या दिशेनं. भावजी दांड्या ओढताहेत, रिमोटवर थापट्या मारताहेत. गाडी ऐकेना. समोर पाणी आणि पाण्यात म्हशी.

मामंजी उठले. त्यांनी हातातल्या रिमोटची तार वर ओढली, बटण दाबलं आणि कासरा ओढावा तसा अख्खा रिमोटच उजवीकडं ओढला. ओढता ओढता अंगठ्यानं दांडी नेमकी दाबली गेली. गाडी वळली. "हं, ये, ये इकडं," असं ते बैलाला बोलवावं तसं तिला बोलवत राहिले आणि ती पाण्याच्या काठावरून, म्हशीच्या शिंगाजवळून, कॅनला वळसा घालून रेघेच्या पार आली. मी घड्याळ दाबलं. निळीपेक्षा किंचित कमी वेळ.

लोक ओरडत खाली आले. अण्णांनी माझ्या हातून घड्याळ घेतलं, पाहिलं आणि परत दिलं नाही. ते मामंजींना म्हणाले, "रिमोट आमचा. जिंकलो आमी."

किती तरी महिन्यांनी त्यांनी मामंजींना उद्देशून काही म्हटलं होतं.

"गाडी आमची, हात माझा," मामंजी म्हणाले.

"हात तुझा आसंल. हुकूम कुणाच्या डबीतनं गेला?"

दोघंही रिकाम्या कॅनवर समोरासमोर बसले. हळूहळू माणसं पांगली. भावजी आणि मधुकर गाड्या पुसायच्या निमित्तानं लांब जाऊन बसले. मला घड्याळ शाळेत परत करायचं होतं आणि ते अण्णांच्या मुठीत, म्हणून मी कॅन गोळा करत तिथंच रेंगाळले. वाद शॉकअपवर गेला, तेलावर गेला, बहात्तर साली कुणी जास्त माती वाहिली यावर गेला. मग अण्णांचा आवाज एकदम खाली आला.

"सोसायटीतबी तू आसंच करायचास, गोविंदा. माणसं आमची आन् हुकूम तुझा. म्हनून उभा ऱ्हायलो म्या."

मामंजींनी गाळाची एक खपली पायानं चुरली. "मग मला म्हनायचं हुतं."

"म्हनलो आस्तो तर आयकलं आस्तंस?"

मामंजींनी विचार केला. खरंच केला, मी पाहत होते. "न्हाय," ते म्हणाले.

अण्णांनी मान वळवून भरावाकडं पाहिलं. भरावाखालून जनावरांचं हंबरणं येत होतं. मग त्यांनी विचारलं की कारखान्यावर वाढ्यासाठी नेमकं कुणाला भेटावं लागतं. मामंजी म्हणाले, नाव सांगून काम व्हायचं नाही, स्वतः यावं लागेल. अण्णांनी घड्याळ माझ्या हातात ठेवलं आणि धोतर झटकून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दोघं कुर्डुवाडीकडं गेले. गाडीवर आमचे हेच होते. घरी आल्यावर त्या दिवशी प्रथमच ते जेवणाआधी बोलले. दोघं एकाच बाकावर बसले, म्हणाले, आणि अशा आवाजात भांडत गेले की पुढच्या बाकावरच्या माणसानं उठून उभ्यानं प्रवास केला. शेवटी आम्ही जिंकलो की ते, हे सगळ्या गाडीला विचारण्यात आलं. प्रवाशांत मतं पडली. ड्रायव्हरनं मात्र कुणाचीच बाजू घेतली नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ऊन कललेलं असताना भरावावरून ट्रॅक्टर आला. मागं दोन ट्रॉल्या, वाढ्यानं काठोकाठ, हिरव्या. तो वास गावात ट्रॅक्टरच्याही आधी पोचला, ओला, गोडसर. छावणीतल्या जनावरांनी एकदमच माना वर केल्या आणि दावी ताणली. पुढच्या ट्रॉलीवर हिरव्या ढिगावर मामंजी आणि अण्णा बसलेले. इंजिनच्या वर त्यांचा आवाज ऐकू येत होता. अण्णा बोट नाचवत काहीतरी पटवून देत होते आणि मामंजी मान हलवत होते, नाही म्हणून.

चारा वाटून झाला तेव्हा दोघंही आमच्या दाराशी आले, डोक्यात, मिशांत पाचट अडकलेलं. अण्णा उंबऱ्याबाहेरच थांबले. मामंजी आत आले, चूळ भरली, आणि म्हशीकडं न बघता, सरळ माझ्याकडं बघून म्हणाले, "सूनबाई, चहा टाक. दोन कप. त्याचं चुकतंय, पण टाक."